सोळा हातांचा गोल

गेल्या आठवड्यात बाजारात असोद्याची भरताची वांगी आली. हिरवट-पांढरी, लांबोडकी, तळहातावर घेतलं की मनगट खाली जावं अशी. मी एकच वांगं मागितलं. भाजीवाल्या अक्कांनी आधी वांग्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एका वांग्याचं कुठं भरीत होतं का, असं त्यांनी हसत विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. भरीत हा एकट्या माणसाचा पदार्थच नाही. तो गावकी जमवून, शेताच्या बांधावर, मोठमोठ्यानं बोलत खायचा पदार्थ आहे. तरी मी ते एक वांगं पिशवीत टाकलं आणि घरी येऊन गॅसवर भाजलं. शेगडी बरबटली. घरभर धूर झाला. धूर झाला म्हणून ओरडणारं माणूस चार वर्षांपूर्वी गेलं, आणि मुलगी नाशिकला आहे, त्यामुळे खिडकी मीच उघडली.

गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही. तो वास कपाशीच्या वाळक्या काड्यांचा असतो. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहिलेल्या त्या काड्या उपटायच्या, ढीग करायचा, त्यात वांगी टाकायची आणि पेटवून द्यायचं. आग भसकन वर जाते आणि तितक्याच लवकर बसते, मग निखाऱ्यात वांगी पडून राहतात. त्या वासानं दुसऱ्या कोणाला काय आठवत असेल ते असो, मला फुटबॉल आठवतो. हसण्यासारखं आहे खरं. पण आमच्या क्लबचा हंगाम आणि भरताचा हंगाम एकच होता.

दुसरीकडे फुटबॉल पावसाळ्यात खेळतात म्हणे. आमच्याकडे ते जमायचं नाही. आमची माती काळी. पावसाळ्यात ती पाय धरून ठेवते, बूट काढून घेते आणि चेंडूला जागचा हलू देत नाही. उन्हाळ्यात मैदानावर उभं राहायची सोय नसते, आमच्या उन्हाबद्दल मी वेगळं सांगायला नको. म्हणून दिवाळी झाली की आम्ही मैदानावर उतरायचो आणि संक्रांतीनंतर महिना-दीड महिना दम धरायचो. तोवर मातीला भेगा पडलेल्या असायच्या. शनिवारी घमेल्यानं माती आणून भेगा बुजवायच्या, पाणी मारायचं, रविवारी सकाळी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या. थंडीत बोटं वळायची नाहीत आणि फक्की नाकात जाऊन शिंका यायच्या. आजही रेघा मीच ओढतो. क्लबचा अध्यक्ष मी, सचिव मी आणि फक्की मारणारा गडीही मीच. त्यामुळे आमच्या बैठकीत मतभेद होत नाहीत.

क्लब काढला नानांनी. नाना भुसावळला रेल्वेत फिटर होते. तिथल्या मैदानावर त्यांनी हा खेळ पाहिला, थोडाफार खेळलेही, आणि ऐन चाळिशीत नोकरी सोडून गावी आले तेव्हा ट्रंकेत एक चामड्याचा चेंडू होता. गावाला तेव्हा कबड्डी ठाऊक, कुस्ती ठाऊक, क्रिकेटचं वेड नुकतं लागलेलं. हा रिकामा माणूस पोरांना लाथा मारायला शिकवतोय, असं लोक म्हणायचे. नाना बुटके होते, आम्हा पोरांच्या खांद्यालाही लागायचे नाहीत, पण शिट्टी वाजवली की नदीपलीकडे ऐकू जायची. त्यांनी कापसाच्या जिनिंग कारखान्यामागची पडीक जागा साफ करून घेतली, चार बांबू रोवले आणि दोन-दोन बांबूंमध्ये वरून काथ्याची दोरी ताणली. झाले दोन गोल. गोल किती रुंद असतो, असं कोणीतरी विचारलं तेव्हा नानांनी ठासून सांगितलं, सोळा हात. भुसावळच्या उस्तादानं त्यांना तसंच शिकवलं होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. नानांनी जमिनीवर बसून, सरकत सरकत, स्वतःच्या हातानं सोळा हात मोजले होते. ते मोजलेलं मी पाहिलेलं नाही, माझ्या आधीची गोष्ट. पण गावात ती इतक्या वेळा सांगितली जायची की पाहिल्यासारखीच आहे.

नानांनी आणखी एक रीत घालून दिली होती. सामना आमच्याकडे झाला की पाहुण्यांना भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, केळीच्या पानावर. मात्र पंगत बसताना जिंकलेला संघ आधी बसणार आणि हरलेला वाढणार. वाढताना तोंड पाडायचं नाही आणि जेवताना छाती फुगवायची नाही, असं नाना बजावायचे. ही रीत आमच्याशी खेळायला येणाऱ्या गावांनीही उचलली. त्यामुळे आमच्या भागात सामना कोण जिंकलं हे पाहायचं असेल, तर वाढप्याचं भांडं कोणाच्या हातात आहे ते पाहावं लागायचं. आम्ही आमच्या मैदानावर फारच क्वचित वाढलं. धुळ्याकडचे आम्हाला भरीतवाले म्हणायचे, पण आमच्याकडे यायचं म्हटलं की दबकायचे. त्याचं एक कारण आमचा बॅक गौतम, आणि दुसरं मी.

मी गोलकीपर होतो. आता सांगायला संकोच वाटत नाही, मी चांगला गोलकीपर होतो. गोलकीपर मागे वळून पाहत नाही, त्याला गोल पाठीला कळतो. मधोमध उभं राहिलं की उजवीकडे दोन पावलं आणि एक उडी, डावीकडे दोन पावलं आणि एक उडी. तेवढ्यात माझा पंजा बांबूला लागायचा. हजार वेळा लागला असेल. पंजा आणि बांबू यांच्यामधून चेंडू जायला जागाच नसायची.

गौतम हा बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतला. त्याचे वडील जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, आई शेतात कापूस वेचायला जायची. तो माझ्या पुढे उभा असला की मला अर्धंच काम असायचं. शाळेत एका बाकावर, मैदानावर पुढे-मागे, आणि सामन्यानंतर एकाच केळीच्या पानावर. त्याला मी काही सांगायच्या आधी कळायचं आणि मला त्याचं. माणसाला असा एक तरी जोडीदार मिळतो. दुसरा मला मिळाला नाही, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी मी खात्रीनं सांगू शकतो.

तो हिवाळा आमचा होता. त्या हंगामात आम्ही एकामागून एक आमच्या मैदानावरचे सगळे सामने जिंकलो. शिंदखेड्याची टीम आली, सोनगीरची आली, सगळ्यांनी आम्हाला वाढलं. सकाळी केळीच्या बागांवर धुकं असायचं, आणि त्या धुक्यातून नानांची शिट्टी आधी यायची, मग नाना. मग धुळ्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तिथं आम्ही एका गावच्या टीमला कसंबसं हरवलं आणि अंतिम सामन्यात पोचलो. तो सामना पाहायला रेल्वेचा एक साहेब येणार, खेळाडूंच्या भरतीसाठी पोरं पाहणार, अशी बातमी नानांनी आणली. नाना ती सगळ्यांना सांगत होते, पण पाहत होते गौतमकडे. नोकरीला लागायचं तर गौतमजवळ दुसरा रस्ता नव्हता. त्याच्या आईनं मला गल्लीत थांबवून सांगितलं होतं की दिनकर, त्याच्या पाठीमागं नीट उभा राह्य बरं. मी हो म्हणालो होतो.

धुळ्याच्या मैदानावर लोखंडी खांबांचे गोल होते, पांढरा रंग दिलेले, मागे जाळी. आम्ही सगळ्यांनी जाळीला हात लावून पाहिला होता. सामना बरोबरीत चालला होता. मग त्यांच्या एका पोरानं लांबून चेंडू मारला, उजव्या कोपऱ्यात. मी दोन पावलं टाकली आणि उडी मारली. माझा पंजा पुढे होता, पण खांब तिथं नव्हता. तो पुढे होता, आणि चेंडू माझ्या बोटांच्या पलीकडून, खांबाच्या अलीकडून आत गेला. शेवटच्या काही मिनिटांत तसाच दुसरा, डाव्या बाजूला. दोन्ही वेळा मी पडलेला आणि हात हवेत. कसं झालं ते मला कळलं नाही. मी घाबरलो असेन, असंच मलाही वाटलं.

रीतीप्रमाणे आम्ही वाढलं. धुळेकरांनी वरण-बट्टी केली होती. ते मात्र दिलदार निघाले. त्यांचा म्हातारा कॅप्टन म्हणाला, "या, बठ्ठा जन आठे बसा," आणि आमच्या अर्ध्या पोरांना हाताला धरून पंगतीत बसवलं. मी बसलो नाही, वाढत राहिलो. त्यांच्या गोलकीपरच्या पानावर वरण घालत होतो तेव्हा त्यानं वर बघून विचारलं, "तुमना गावना गोल धाकला शे का?" आमच्या गावचा गोल लहान आहे का, म्हणे; मला वाटलं चिडवतोय. मी पुढच्या पानाकडे सरकलो. पुढे गौतम उभा होता, हातात बट्ट्यांची परात घेऊन. तो हळूच बोलला, पण मला नीट ऐकू आलं.

"तू हात आखडला, दिन्या."

एवढंच. टेम्पोतून परत येताना एरंडोलला चहाला उतरलो तेव्हा तो दुसऱ्या बाकावर बसला. त्यानंतर महिनाभर तो मैदानावर आला नाही. चैत्रात तो सुरतेला गेला, साड्या रंगवायच्या कारखान्यात. दिन्यानं गोल खाल्ले म्हणून गौतमची रेल्वेची नोकरी गेली, असं गावभर झालं होतं. मी त्याला दोन पत्रं टाकली. त्याची आई मला दिसली की नजर खाली करायची. रागानं की संकोचानं, ते मी कधी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर हार्डवेअरवाल्या शेठजींनी क्लबला लोखंडी पाइप दिले. ते मूळचे राजस्थानातले, खेळाशी काही संबंध नाही, पण नानांचा शब्द मोडवत नसे. शाळेतल्या पीटीच्या सरांच्या पुस्तकात पाहून त्यांनी माप घेतलं आणि पाइप कापून, जोडून, बैलगाडीत घालून मैदानावर पाठवले. बाकीची पोरं कापूस वेचायला गेली होती. मैदानावर मी आणि नाना. बांबू उपटले, त्याच खड्ड्यांत लोखंडी खांब उभे केले, आणि आडवा पाइप वर ठेवायला उचलला तर तो दोन्ही बाजूंनी बाहेर निघाला. एक फूट इकडे, एक फूट तिकडे. मी म्हणालो, शेठजींनी चुकीचा कापला. नानांनी सरांचं पुस्तक मागवलं, टेप मागवला. पाइप बरोबर होता. मग नाना खाली बसले आणि आपला उजवा हात कोपरापासून पुढे धरून त्याच्याकडे पाहत राहिले. बुटक्या माणसाचा हात. भुसावळचा उस्ताद पठाण होता, सहा फुटांचा.

वीस वर्षं आमचा गोल दोन फूट लहान होता. वीस वर्षं आमचे गोलकीपर घरी वाघ होते आणि बाहेर गेले की शेळी, आणि आम्ही सगळे म्हणायचो की पोरांना परक्या गावात भ्या वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर धुळ्याचे ते दोन चेंडू आले. पंजा बरोबर जागी होता. मी हात आखडला नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, तिथून पळत जाऊन सुरतेची गाडी पकडावीशी वाटली.

नाना म्हणाले, "दिनकर, हे कोनाले सांगू नको. म्या जिता हाये तोवर नको."

नानांना मी कधी कोणाजवळ काही मागताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात या क्लबशिवाय दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हणालो. आम्ही दोघांनी नवे खड्डे खणले, जुने बुजवून त्यावर पाणी मारलं आणि पाय आपटून जमीन सारखी केली. संध्याकाळी पोरं आली आणि लोखंडी गोल पाहून नाचली. गोल मोठा झालाय हे एकालाही कळलं नाही. पांढरा रंग कोण देणार, यावरूनच भांडत होती.

त्यानंतर क्लब चांगला चालला, हे कबूल केलं पाहिजे. आमचे गोलकीपर बाहेरगावीही चेंडू अडवायला लागले. शाळांमधल्या पोरांचा संघ झाला, मग काही वर्षं मुलींचाही झाला, आणि त्या मुली मुलांपेक्षा शिस्तीच्या निघाल्या. नाना प्रत्येक सामन्याला खुर्ची टाकून बसायचे. माझी नोकरी शाळेत कारकुनाची, सकाळ-संध्याकाळ मोकळी, तेव्हा मी मैदान सोडलं नाही. आता जळगावात टर्फ झालेत, हिरवी प्लॅस्टिकची चादर आणि वर दिवे. पोरं मोटरसायकलवर तिकडे जातात. आमच्याकडे रविवारी सहाजण येतात, कधी सात. बाकीचे पुण्यात, कोणी सुरतेला. मी पूर्ण मैदानाच्या रेघा ओढतो आणि ती सहा पोरं अर्ध्यात खेळतात.

नाना आठ वर्षांपूर्वी गेले. मी शब्दातून मोकळा झालो. गौतमच्या भावाकडून फोन नंबर घेणं काही अवघड नव्हतं. पण इतक्या वर्षांनी फोन करून एखाद्याला काय सांगायचं, की गोल दोन फूट लहान होता? समोर बसून सांगायची गोष्ट आहे, असं मी मनाला समजावत राहिलो. खरं कारण हे की मी मानी माणूस आहे. दोन पत्रं मी टाकली होती, आता पाळी त्याची होती. पण दर हिवाळ्यात रेघा ओढताना मी ते वाक्य मनात जुळवायचो, अगदी कुठं थांबायचं तेसुद्धा. घरात बोलायला कोणी उरलं नाही तेव्हापासून तर ते वाक्य मी मोठ्यानंही म्हणून पाहिलं आहे.

या रविवारी गौतम मैदानावर आला. भावाच्या मुलीचं लग्न होतं, त्यासाठी दोन दिवस आला होता. केस सगळे पांढरे, चालताना एक गुडघा सांभाळत. मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. आम्ही हात हातात घ्यावा की नाही, हे दोघांनाही ठरवता आलं नाही. मग जिनिंगच्या पडक्या कुंपणावर बसलो. त्यानं माझ्या घरचं विचारलं, मी सांगितलं. मी त्याच्या आईचं विचारलं, पुढे तिला सुरतेला नेलं होतं, तिथंच वारली म्हणाला. सहा पोरं समोर खेळत होती. त्यातलं एकही आम्हाला ओळखत नव्हतं, म्हणजे मला फक्कीवाला म्हणून ओळखत होतं.

मग मी ते सांगितलं. सोळा हात, नानांचा हात, लोखंडी पाइप, एक फूट इकडे, एक फूट तिकडे. चौतीस वर्षं जुळवलेलं वाक्य मी थांबायचं तिथंही न थांबता बोलून टाकलं. गौतम सगळं ऐकेपर्यंत समोर पाहत होता.

"मले बोलावणं आलतं, दिन्या," तो म्हणाला.

मला कळलं नाही. कसलं बोलावणं, म्हणून विचारलं.

"रेल्वेचं. आपन हारलो तरी त्या सायबानं माह्यं नाव लिहून नेलं व्हतं. महिन्यानं भुसावळले गेलो, घरात कोनाले न सांगता. त्यायनं पळायले लावलं. माह्या दम पुरला नही. माह्या मांगून निघालेले पोरं पुढे गेले." तो थांबला. "गावात आलो त बठ्ठे म्हनत व्हते, दिन्यानं गोल खाल्ले म्हनून गौतमची नोकरी गेली. म्या म्हनू दिलं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, त्याची मानगूट धरावी असा राग आला, आणि त्याच वेळी चोविसाव्या वर्षी भुसावळच्या मैदानावर धापा टाकत मागे पडत जाणारा गौतम मला दिसला, आणि त्याच्या शेजारी उभं राहायला कोणी नव्हतं हेही दिसलं. मग मी पत्रांचं विचारलं. ती त्याला मिळाली होती, म्हणाला. त्यानं ती आईला वाचून दाखवली होती. आईला सगळं ठाऊक होतं.

दुपारच्या गाडीनं तो सुरतेला गेला. मी स्टेशनवर गेलो होतो. गाडीत चढताना त्यानं स्वतःहून नंबर दिला आणि फोन करत राहा म्हणाला, मीही हो म्हणालो. त्यानंतर दोनदा त्याचं नाव फोनवर काढलं आणि तसंच ठेवलं. इतकी वर्षं मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगून झाली आहे.